महासाथीचे दिवस आणि माता-बालकांचे आरोग्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वाराणसी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर उभे राहिले, की तिच्या पूर्वेतिहासाचे गौरवपूर्वक स्मरण करावे, असा प्रघात आहे. ते काम आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम प्रकारे केले आहे. आम्ही जो विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत, तो महोत्सवाच्या मांडवात काहीसा अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु या सभागृहाच्या मागील बाजूस जी बालसेना आपल्या पद्धतीने सुवर्णमहोत्सव साजरा करीत आहे, तिच्यातील कित्येकांचा जन्म २०२० आणि २०२१ या दोन सालांतला आहे. त्यांच्या मातांना आमचा विषय अप्रस्तुत वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे. सारे जग दाराला कडी लावून बसले होते, त्या दिवसांत या भगिनींची बाळंतपणे झाली. महासाथ आली म्हणजे गरोदर स्त्रीचे, बाळंतिणीचे आणि तान्ह्या मुलाचे काय होते, याचा आज आपण थोडा विचार करू या.

काशीक्षेत्राचे नाव घेतले, की मराठी माणसाच्या मनात प्रथम मृत्यूचा विचार येतो. आपले पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या देह ठेवण्यासाठी इथे येत राहिले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या परिसरातली जुनी मराठी वस्ती, अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारलेले विश्वनाथाचे मंदिर, त्यांच्या नावाचा घाट, भोसल्यांचा आणि शिंद्यांचा घाट, ही सारी त्या ओढीची स्मारके होत. पण मणिकर्णिका हे नाव जसे महास्मशानाचे आहे, तसेच ते याच नगरीत जन्मलेल्या एका मराठी मुलीचेही आहे. मोरोपंत तांबे आणि भागीरथीबाई यांची ही कन्या पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई म्हणून इतिहासात अमर झाली. मुलगी लहान असतानाच भागीरथीबाई वारल्या, एवढीच त्यांची नोंद इतिहासाने ठेवली. मराठी माणूस काशीत मरावयास आला, तसा तो इथे जन्मालाही आला. मरणाच्या नोंदी पंड्यांच्या वह्यांत सापडतात. बाळंतिणीच्या खोलीचा इतिहास मात्र कोणी लिहिलेला नाही.

२०२१ च्या एप्रिल महिन्यात हेच पुन्हा दिसून आले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या दोन्ही घाटांवर चितांची रीघ लागली होती. ते दृश्य आपण सर्वांनी पाहिले आणि जगानेही पाहिले. परंतु त्याच दिवसांत, त्याच रात्री, या शहरातील रुग्णालयांत आणि गल्लीबोळांतील प्रसूतिगृहांत मुले जन्माला येतच होती. त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जावे, अशी ती वेळच नव्हती.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सहा महिने पुढे ढकलता येते. गुडघ्याचे दुखणे सोसता येते. दंतवैद्याकडे पुढल्या वर्षी जाता येते. बाळंतपणाला पुढची तारीख मागता येत नाही. नऊ मास भरले म्हणजे भरले. मग बाहेर टाळेबंदी असो, पूर असो की युद्ध असो. म्हणूनच महासाथीचे माता-बालकांवर दोन आघात होतात. एक आघात त्या रोगाचा. दुसरा आघात त्या रोगाच्या धास्तीने इतर सेवा बंद पडण्याचा. पहिल्याची रोज मोजदाद होते, आकडे फलकावर लागतात. दुसऱ्याची मोजदाद कोणी करीत नाही, कारण घरी अडलेली बाळंतीण दगावली, तर तिच्या नावापुढे महासाथीचे नाव लिहिले जात नाही. हा दुसरा आघात पुष्कळदा पहिल्यापेक्षा मोठा असतो. तो माणसांच्या निर्णयांतून येतो, आणि म्हणूनच तो टाळता येण्याजोगा असतो. आमचे आजचे मुख्य सांगणे एवढेच आहे.

हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग प्रकट झाला आणि पुढल्या वर्षारंभी तो पुण्यात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. २०२० च्या मार्चमध्ये कित्येक राज्यांनी ज्या कायद्याचा आधार घेतला, तो हाच, सव्वाशे वर्षांचा जुना कायदा. पुण्यात सोल्जर घरोघरी शिरले, स्त्रियांची तपासणी झाली, माणसे बळाने इस्पितळात आणि छावणीत नेली गेली. त्यातून रँडचा वध झाला, हा इतिहास आपण शाळेत शिकलो. परंतु त्या प्रकरणाची एक बाजू शाळेत शिकविली जात नाही. ज्या घरातल्या बायकांनी इस्पितळ म्हणजे बेअब्रू, हे एकदा मनात धरले, त्या घरातली गरोदर सून पुढे प्रसंग आला तरी इस्पितळाची पायरी कशी चढणार? साथ ओसरते, साथीच्या काळात बसलेली भीती मात्र घरात मुक्काम करून राहते.

त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांचे देहावसान झाले, तो दिवस १० मार्च १८९७. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घालून त्यांनी आपल्या डॉक्टर पुत्राच्या, यशवंताच्या, दवाखान्यात आणले आणि त्यातून त्यांना संसर्ग झाला, असे सांगतात. याच सावित्रीबाईंनी आणि जोतीरावांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. समाजाने दार लावून घेतलेल्या विधवांनी तेथे यावे, सुरक्षित बाळंत व्हावे, मूल ठेवावे किंवा न्यावे, अशी ती सोय होती. यशवंतही अशाच एका विधवेचा मुलगा. अशा स्त्रियांना यात्रेच्या निमित्ताने दूर धाडून देण्याची त्या काळी रीत होती, आणि त्या दूरच्या ठिकाणांत ही आपली काशीही होती, हे आपण विसरू नये. अडलेल्या बाळंतिणीला दार उघडून देणे आणि साथीत रुग्णाच्या जवळ जाणे, ही दोन्ही कामे एकाच बाईने केली, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

प्लेगनंतर वीस वर्षांनी इन्फ्लुएन्झा आला. १९१८ च्या जूनमध्ये तो मुंबई बंदरात उतरला. सप्टेंबरपासून त्याची दुसरी, भयंकर लाट उसळली आणि वर्ष संपण्यापूर्वी ती गंगेच्या खोऱ्यात पसरली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. हिंदुस्थानात किती माणसे मेली, याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत आहेत. १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, ती मुख्यतः या साथीमुळे. या साथीचे दोन विशेष आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. जगात पुष्कळ ठिकाणी तरुण पुरुष अधिक मेले. आपल्याकडे स्त्रिया अधिक मेल्या. आजाऱ्याच्या उशाशी बसणारी तीच, आणि उरलेसुरले अन्न सर्वांत शेवटी खाणारीही तीच. दुसरा विशेष असा, की गरोदर स्त्रीला हा ज्वर विशेष घातक ठरला. अमेरिकेत १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या तापाने आजारी पडलेल्या १३५० गरोदर स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के दगावल्या, असे आढळले.

या साथीने या प्रांतातील एका घराचे काय केले, ते हिंदी वाङ्मयाच्या वाचकांस ठाऊक आहे. कवी सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’ त्या वेळी जेमतेम विशी ओलांडलेले होते. रायबरेली जिल्ह्यात गंगाकाठी डलमऊ येथे त्यांची पत्नी मनोहरादेवी या तापाने गेली; घरातील इतरही माणसे गेली. मागे एक लहान मुलगा आणि तान्ही मुलगी सरोज उरली. सरोज आजोळी वाढली आणि अठराव्या वर्षी तीही गेली. तिच्यावरील ‘सरोज-स्मृति’ ही शोककविता हिंदीत अजरामर झाली. साथीत आई गेली म्हणजे मुलाचे बालपणच पोरके होते, हे त्या घराकडे पाहिले की कळते.

आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीकडे वळू. २०२० च्या मार्चमध्ये २२ तारखेच्या मध्यरात्रीपासून प्रवासी गाड्या थांबल्या आणि २५ पासून देशभर टाळेबंदी झाली. बाह्यरुग्ण विभाग बंद झाले. लसीकरणाची सत्रे एप्रिलमध्ये ठिकठिकाणी स्थगित झाली. अंगणवाड्यांना कुलपे लागली. जी परिचारिका गरोदर स्त्रीचा रक्तदाब पाहत असे, तिला साथीच्या कामावर नेमले गेले.

प्रसूतीच्या वेळी होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी तीन विलंबांची एक उपयुक्त मांडणी केली आहे. घरात निर्णय होण्यास लागणारा पहिला विलंब, रुग्णालयापर्यंत पोहोचण्याचा दुसरा, आणि रुग्णालयात पोहोचल्यावर प्रत्यक्ष उपचार सुरू होण्याचा तिसरा. सर्वसाधारण काळात यांपैकी एखादाही विलंब बाळंतिणीच्या जिवावर बेततो. रक्तस्राव सुरू झाला तर हातात फार वेळ नसतो. महासाथीने काय केले? तीनही विलंब एकाच वेळी वाढविले.

पहिला विलंब भीतीने वाढला. इस्पितळात गेले तर रोग लागेल, घरातल्या म्हाताऱ्यांना तो आणू, पोटातल्या जिवाला लागेल, या विचाराने तपासण्या चुकल्या. रक्तदाब वाढलेला कळला नाही. अंगावरची सूज ही गरोदरपणाची सूज म्हणून सोडून दिली गेली. लोहाच्या गोळ्या संपल्या त्या संपल्याच.

दुसरा विलंब वाहनांअभावी वाढला. या विलंबाचे टोक पाहावयाचे असेल तर २०२० च्या मे महिन्यातील मुंबई-आग्रा महामार्ग आठवावा. नाशिकहून मध्य प्रदेशातील सतन्याकडे पायी निघालेली एक मजुराची बायको वाटेतच बाळंत झाली. दोन तास विसावा घेऊन ती पुन्हा चालू लागली आणि ओली बाळंतीण असताना तान्ह्या मुलासह सुमारे दीडशे किलोमीटर चालत राज्याच्या सीमेवर पोहोचली, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. आपल्याकडे बाळंतिणीला दहा दिवस खोलीबाहेर पाऊल टाकू देत नाहीत.

तिसरा विलंब रुग्णालयाच्या दारात झाला. आधी चाचणी करून आणा, आमच्याकडे खाट नाही, दुसरीकडे जा. २०२० च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्याच प्रदेशाच्या पश्चिम टोकाला, नोएडा परिसरात, आठ महिन्यांची एक गरोदर स्त्री तेरा तास दारोदार फिरत राहिली. आठ रुग्णालयांत तिला जागा मिळाली नाही आणि अखेर रुग्णवाहिकेतच तिने प्राण सोडला. त्या शहरात रुग्णालयांची वाण नव्हती. त्या दिवशी त्यांचे एकही दार तिच्यासाठी उघडले नाही.

ही एकेकटी उदाहरणे झाली. मोठ्या प्रमाणावर काय घडले, हे आपल्या शेजारच्या नेपाळमध्ये झालेल्या एका काटेकोर अभ्यासातून दिसते. तेथील नऊ रुग्णालयांत टाळेबंदीपूर्वीच्या आणि टाळेबंदीच्या आठवड्यांची तुलना केली गेली. रुग्णालयातील बाळंतपणे निम्म्याहून कमी झाली. मृतावस्थेत जन्मलेल्या बालकांचे प्रमाण हजारी १४ वरून २१ वर गेले आणि नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण हजारी १३ वरून ४० वर गेले. ज्या स्त्रिया आल्या त्यांपैकी पुष्कळ उशिरा आल्या, आणि ज्या आल्याच नाहीत त्यांचे काय झाले, ते या आकड्यांत नाही. ‘युनिसेफ’ने इतर जागतिक संस्थांच्या साह्याने २०२१ च्या मार्चमध्ये दक्षिण आशियातील सहा देशांविषयी एक अंदाज प्रसिद्ध केला. सेवा विस्कळीत झाल्यामुळे २०२० या एका वर्षात पाच वर्षांखालील सुमारे २ लाख २८ हजार अधिक बालके आणि सुमारे ११ हजार अधिक माता मृत्युमुखी पडल्या असाव्यात, असा तो अंदाज होता. अंदाज हा अंदाजच. पण त्याची दिशा चुकीची मानण्यास जागा नाही. २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीतही हाच अनुभव आला होता. म्हणजे धडा पुढ्यात होता. तो आपण वाचला नव्हता.

पहिल्या आघाताविषयी, म्हणजे प्रत्यक्ष रोगाविषयी, मुंबईतून मोलाची माहिती मिळाली. मुंबई महापालिकेचे नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये कोविडसाठी राखून ठेवले गेले आणि कोविड झालेल्या शेकडो स्त्रियांची बाळंतपणे तेथील डॉक्टरांनी व परिचारिकांनी केली. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांतून अशा गरोदर स्त्रियांच्या नोंदी एकत्र करण्यात आल्या. त्यांतील पंधराशेंहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासातून दिसून आले, की पहिल्या लाटेत अशा स्त्रियांतील मृत्यूचे प्रमाण ०.७ टक्के होते, ते दुसऱ्या लाटेत ५.७ टक्क्यांवर गेले. आठपट वाढ! आणि याच दुसऱ्या लाटेच्या वेळी गरोदर स्त्रीला लस घेण्याची परवानगी नव्हती. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. स्तनदा मातांना १९ मे रोजी अनुमती मिळाली. गरोदर स्त्रियांना २ जुलै रोजी. तोवर लाट येऊन गेली होती. लसीच्या आरंभीच्या प्रयोगांत जगभर गरोदर स्त्रियांना वगळले गेले होते. जिच्या प्रकृतीची सर्वांत अधिक काळजी घ्यावी असे सर्वजण म्हणत होते, तीच रांगेत शेवटी उभी होती.

बालकांची हकीकत याहून संथ आहे, म्हणून अधिक सहज नजरेआड होते. लस चुकली तर मूल त्या दिवशी आजारी पडत नाही. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरील लसीचे तीन डोस पूर्ण झालेल्या बालकांचे प्रमाण आपल्या देशात २०१९ मध्ये ९१ टक्के होते, ते २०२० मध्ये ८५ वर आले. या लसीचा एकही डोस न मिळालेली बालके २०१९ मध्ये १४ लाख होती, ती २०२० मध्ये ३० लाख झाली. वर्ष दोन वर्षे काही दिसले नाही. मग २०२२ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत, गोवंडीच्या दाट वस्तीत, गोवराचा उद्रेक झाला. भिवंडी, मालेगाव येथेही तो पोहोचला आणि लहान मुले दगावली. गोवराची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. ती ज्यांची चुकली, अशी मुले वस्तीवस्तीत साठत गेली होती. एक गोवराचा रोगी लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे पुढचे सारे आपोआप समजते. लोकांनी कोविड विसरावयास घेतला होता, आणि त्याचे देणे ही मुले फेडीत होती.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. साथीच्या आरंभी कित्येक ठिकाणी आईला संसर्ग आहे म्हणून नवजात मूल तिच्यापासून दूर ठेवले गेले. हेतू वाईट नव्हता. परंतु अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या मुलाला आईच्या उराची ऊब आणि तिचे दूध हेच औषध असते. आईच्या अंगाशी त्वचेला त्वचा लावून मूल सांभाळण्याच्या पद्धतीने जगात सव्वा लाखांवर नवजात बालकांचे प्राण वाचू शकतात आणि त्या मानाने कोविडचा धोका अगदी अल्प आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्चमध्ये स्पष्ट केले. आपल्या आज्या मूल जन्मल्यावर पाचवी पूजीत, सटवाईची पूजा करीत. त्या पूजेमागे पहिल्या आठवड्याचे भय होते आणि ते भय खरे होते. नवजात बालकांच्या एकंदर मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात. त्या आठवड्यात मुलाला आईपासून तोडण्यापूर्वी शंभरदा विचार करावयास हवा.

इतके सांगितल्यावर ज्यांनी ही दारे उघडी ठेवली, त्यांचे ऋण मानले नाही तर तो कृतघ्नपणा होईल. खेड्यापाड्यांतील आशा कार्यकर्तींनी त्या दिवसांत दुहेरी ओझे वाहिले. आपल्या उत्तर प्रदेशात सुमारे १ लाख ५८ हजार आशांनी परगावांहून परतलेल्या ३० लाखांवर लोकांची विचारपूस केली, आणि त्यातच गावची गरोदर बाई कुठल्या महिन्यात आहे, याचाही हिशेब ठेवला. महाराष्ट्रातील आशांना तर २०२१ च्या जूनमध्ये योग्य मोबदल्यासाठी संप करावा लागला. पुढे २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. गौरवाने पोट भरत नाही. पण निदान जगाने त्यांना पाहिले. आपल्या काशीतही, १५ जुलै २०२१ रोजी हिंदू विश्वविद्यालयात माता आणि बालकांसाठी १०० खाटांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. असा विभाग वेगळा असला, म्हणजे पुढच्या साथीत बाळंतिणीची खाट साथीच्या रुग्णासाठी काढून घेण्याची वेळ येऊ नये. हाच त्याचा खरा उपयोग.

चित्र सर्वस्वी निराशेचे नाही. २०२२ पर्यंत एकही डोस न मिळालेल्या बालकांची संख्या देशात ११ लाखांपर्यंत खाली आली. देशातील मातामृत्यूंचे प्रमाण २०१८ ते २०२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ९७ होते, ते २०१९ ते २०२१ मध्ये ९३ झाले. उत्तर प्रदेशात ते १६७ वरून १५१ वर उतरले. महाराष्ट्रात मात्र ते ३३ वरून ३८ वर गेले. या आकड्यांचे कारण एकट्या साथीत शोधणे धाडसाचे होईल. पण ज्या प्रांताचा आपण अभिमान बाळगतो तेथेही, आणि ज्या प्रांताचे आपण अन्न खातो तेथेही, बाळंतिणी अजून मरतात, हे त्यांतून निश्चित कळते.

आता शेवटचा आणि आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की लेकीने माहेरी जावे, आईच्या हातचे डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर खावी, शेकशेगडी घ्यावी, आणि बाळ अंग धरू लागले की परतावे. आपण दूर राहणारी माणसे. आपले माहेर महानगरी एक्स्प्रेसच्या दुसऱ्या टोकाला असते. २०२० मध्ये ती गाडीच थांबली. लेक इकडे, आई तिकडे, आणि बारसे दूरध्वनीच्या पडद्यावर, असे कितीतरी घरांत झाले. परक्या मुलखात राहणाऱ्या कुटुंबाला माहेर नसते तेव्हा मंडळानेच माहेर व्हावे लागते. गणपती, गुढीपाडवा आणि नाट्यप्रयोग ही मंडळाची कामे आहेतच. पण पन्नाशी ओलांडलेल्या संस्थेकडून याहून थोडी अधिक अपेक्षा करणे वावगे ठरू नये.

त्यासाठी फार पैसा लागत नाही. आपल्या सभासद कुटुंबांत गरोदर कोण, तिचा महिना कोणता, तिच्याजवळ घरात वडीलधारे कोण आहे, याची माहिती मंडळातील दोन जाणत्या भगिनींनी तिच्या संमतीने ठेवावी. रक्तदात्यांची रक्तगटवार यादी तयार असावी. बाळंतपणातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण रक्तस्राव हे आहे, आणि साथीच्या दिवसांत रक्तपेढ्या कोरड्या पडतात. रात्री-अपरात्री गाडी काढील असा माणूस प्रत्येक मोहल्ल्यात ठरलेला असावा. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकांचे क्रमांक पाठ असावेतच, पण शेजाऱ्याची गाडी कधीकधी त्यांच्याआधी पोहोचते. मुलांच्या लसीकरणाची कार्डे वर्षातून एकदा मंडळात एकत्र बसून तपासावी. आणि ही सारी व्यवस्था आपल्या मराठी घरांपुरती न ठेवता, आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या, आपल्या शेजारी राहणाऱ्या भगिनींपर्यंत पोहोचवावी. रोगाला मराठी आणि भोजपुरी हा भेद कळत नाही; आपल्यालाही तो कळू नये.

पुढची महासाथ केव्हा येईल आणि कोणत्या रूपाने येईल, हे सांगता येत नाही. ती आली, की पुन्हा दारे लावण्याचे हुकूम सुटतील, आणि त्यांतले काही आवश्यकही असतील. त्या दिवशी शासनाला, रुग्णालयांना आणि स्वतःलाही एक प्रश्न विचारण्याचे भान आपण ठेवावे: आज रात्री या मोहल्ल्यात कोणाला कळा सुरू झाल्या, तर तिच्यासाठी कोणते दार उघडे आहे? या प्रश्नाचे उत्तर ज्या गावात तयार असेल, त्या गावातील माता आणि बालके साथीतून सुखरूप बाहेर पडतील, असा आमचा विश्वास आहे.

 मागे बसलेल्या त्या बालसेनेला उदंड आयुष्य लाभो, एवढे चिंतून आम्ही आपली रजा घेतो.